चिपचा कारखाना आणा, पण तळमजल्याचा हिशेब आधी मागा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
आणि मराठवाड्यात चिपचा कारखाना यावा म्हणून झटणारे सगळे उद्योजक

विषय: सेमीकंडक्टर कारखान्यातल्या फ्लोरिनयुक्त वायूंचा हिशेब जमीन देण्याआधी घेण्याबाबत

स.न.वि.वि.

मी बिडकीनकडचा. घरची साडेचार एकर जमीन औद्योगिक शहरात गेली, मावेजा आला, त्यातून भावानं घर बांधलं आणि उरलेल्यात बहिणीचं लग्न उरकलं. मी तेव्हा सिंगापुरात होतो. डिप्लोमा झाल्यावर एका एजंटामार्फत तिकडच्या चिपच्या कारखान्यात लागलो आणि नऊ वर्षं राहिलो. इकडे माय सगळ्या गावाला सांगायची, पोरगं कम्प्युटरच्या चिपा बनवतं. चिप मी कधी हातातसुद्धा धरली नाही. वरच्या मजल्यावर पांढऱ्या झग्यातली माणसं वेफरवर, म्हणजे जिच्यावर चिपा कोरतात त्या सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, काम करायची आणि त्यांच्या यंत्रांतून जो वायू खाली यायचा तो जाळायचा, धुवायचा आणि मग छतावरच्या नळकांड्यातून सोडायचा, हे आमचं काम. त्या मजल्याला सबफॅब म्हणतात. आम्ही मराठी पोरं आपसात तळमजलाच म्हणायचो.

हे पत्र त्या तळमजल्याबद्दल आहे. कारण बिडकीनला, शेंद्र्याला चिपचा प्रकल्प यावा अशी चर्चा झाली की पाणी किती, जमीन किती, नोकऱ्या किती, सबसिडी किती एवढंच बोललं जातं. तळमजल्याचं नावही कुणी काढत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तिथंच घोळ होतो. ‘चिपचा कारखाना’ म्हणून आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकाच तागडीत टाकतो. गुजरातेत धोलेऱ्याला टाटा इलेक्ट्रॉनिक्स आणि तैवानची पीएसएमसी मिळून जे उभारत आहेत तो फॅब, म्हणजे वेफरवर चिपा कोरून बनवणारा कारखाना. केंद्रानं फेब्रुवारी 2024 मध्ये मंजुरी दिली तेव्हा खर्च 91,000 कोटी आणि क्षमता महिन्याला 50,000 वेफर अशी सांगितली होती. आसामात जागीरोडला टाटांचाच 27,000 कोटींचा प्रकल्प आहे, पण तिथं तयार वेफर कापायचे, तारा जोडायच्या, डबीत बसवायचे आणि तपासायचे. साणंदचं मायक्रॉनचं कामही याच जातीचं. या दुसऱ्या प्रकारात मुख्य प्रश्न विजेचा. मी ज्या वायूंबद्दल लिहितोय ते तिथं फारच कमी लागतात. म्हणून प्रस्ताव टेबलावर आला की पहिला प्रश्न हा विचारा: वेफरवर कोरीवकाम इथं होणार का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढचं वाचा. ‘नाही’ असेल तर पुढचं निम्मं पत्र सोडून सरळ विजेच्या मुद्द्यावर या.

पहिल्या महिन्यातली रात्रपाळी अजून आठवते. एका स्क्रबरची नळी चोंदली होती. (कागदावर त्याला अबेटमेंट युनिट म्हणतात, बोलताना सगळे स्क्रबरच म्हणतात. भट्टी आणि धुण्याचा हौद एकाच कपाटात, असं समजा.) आमचा शिफ्टप्रमुख तमिळ होता. त्यानं मला जाड रबरी हातमोजे, एप्रन, तोंडावर काच असं सगळं चढवायला लावलं आणि खिशात कॅल्शियम ग्लुकोनेटच्या मलमाची ट्यूब कोंबली. फ्लोरिनचं आम्ल कातडीला लागलं तर आधी हेच चोळायचं. झाकण उघडलं तर आत ओली पांढरी पूड, चांगली वीतभर थराची. अंगणातल्या रांगोळीवर सडा पडावा तसा तिचा लगदा झालेला. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, वाळू. वरच्या यंत्राच्या भिंतीवरून निघालेली वाळू.

मला ते काम तिथं कळलं. वर यंत्राच्या बंद कोठीत वेफरवर सिलिकॉनच्या संयुगांचे पातळ थर चढवतात. थर वेफरवर बसतो तसा कोठीच्या भिंतींवरही बसतो, दूध आटवलेल्या पातेल्याला साय करपून चिकटते तसा. तो काढला नाही तर त्याचे कण पुढच्या वेफरवर पडतात आणि माल वाया. म्हणून कोठीत फ्लोरिन असलेला वायू सोडून, विजेनं त्याचा प्लाझ्मा करून भिंती खरवडतात. दुसरीकडे वेफरवर खाचा कोरायलाही फ्लोरिनच लागतो. सुटलेला फ्लोरिन सिलिकॉनला धरतो, दोघांचा मिळून वायू होतो आणि पंपातून खाली येतो. खाली भट्टीत आणि पाण्यात तो फुटला की एकीकडे पांढरी वाळू, एकीकडे आम्लाचं पाणी.

पण वर सोडलेला सगळा वायू फुटत नाही, मेख इथं आहे. कोरायला वापरतात त्या सीएफ-फोरचं, म्हणजे कार्बन टेट्राफ्लोराइडचं, बघा. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या, 2006 च्या मार्गदर्शक सूत्रांत ढोबळ हिशेबासाठी जो आकडा धरलाय तो असा की यंत्रात गेलेल्या सीएफ-फोरपैकी 90 टक्के तसाच्या तसा बाहेर येतो. कार्बन आणि फ्लोरिनची गाठ बाभळीच्या बुंध्यासारखी असते, कुऱ्हाड उसळून परत येते. त्यात आणखी कटकट म्हणजे याच्या जातीचे मोठे वायू अर्धवट फुटले की त्यांच्या तुकड्यांतून पुन्हा सीएफ-फोरच तयार होतो.

हिशेब करून पाहू. 10 किलो सीएफ-फोर वापरला. 9 किलो खाली आला. स्क्रबर नसेल तर तो छतावरून गेला. 100 वर्षांच्या मोजमापानं एक किलो सीएफ-फोर म्हणजे 6,630 किलो कार्बन डायऑक्साइड, असं आयपीसीसीचा पाचवा अहवाल सांगतो. 9 किलोचे झाले जवळपास 60 टन. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे हे 60 टन म्हणजे 22,000 लिटर डिझेल. उन्हाळ्यात आपल्या गावात पाण्याचा टँकर येतो ना, तसे दोन टँकर काठोकाठ डिझेलचे भरून पेटवून द्यायचे. एवढा धूर झाला असता तर बिडकीनपासून पैठणपर्यंत बोंब झाली असती. पण सीएफ-फोरला रंग नाही, वास नाही. शेजारच्या वस्तीवर कुणाला खोकला येत नाही, कुणाचं पीक करपत नाही. त्यामुळे तक्रार येत नाही आणि तक्रार नाही म्हणून फाईल नाही.

आणि हा वायू जातो कुठं? कुठंच नाही. एकदा वर गेला की सुमारे 50,000 वर्षं हवेत राहतो. अजिंठ्याची सगळ्यात जुनी लेणी धरली तरी 2,200 वर्षांच्या आसपासची. कोठी साफ करायला पूर्वी वापरत तो याच जातीचा सी-टू-एफ-सिक्स 10,000 वर्षं टिकतो. महावितरणच्या नाहीतर महापारेषणच्या उपकेंद्रात काम केलेल्यांना एसएफ-सिक्स माहीत असेल, ब्रेकरमध्ये भरलेला असतो. तो किलोमागे 23,500 किलोच्या तोडीचा. फरक इतकाच की उपकेंद्रात तो सीलबंद डब्यात बसून असतो आणि फॅबमध्ये तो यंत्रातून वाहत असतो.

आता प्रामाणिकपणे एक कबूल करतो. एका मध्यम फॅबचे हे वायू आणि परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या यांची तुलना केली तर परळीच जड भरेल. ‘एवढ्याशा वायूचं काय घेऊन बसलात’ असं कुणी म्हणालं तर त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. पण कोळशाचा धूर उद्या थांबवता येतो आणि झाडं, समुद्र त्यातला काही परत घेतात. सीएफ-फोर परत घेणारं या पृथ्वीवर कुणी नाही. शिवाय हे रोखायला लागणारं तंत्र जुनं आहे, जगात रोज वापरलं जातं, शोध लावायचा नाहीये.

उद्योगानं स्वतःहून हे केलंय. जागतिक सेमीकंडक्टर परिषदेनं 1999 मध्ये ठरवलं की 2010 पर्यंत या वायूंचं उत्सर्जन 1995 च्या पातळीपेक्षा 10 टक्क्यांनी खाली आणायचं. प्रत्यक्षात ते 32 टक्क्यांनी खाली आलं, आणि त्या काळात चिपांचं उत्पादन कितीतरी वाढलं होतं. मोठा वाटा कोठी साफ करण्याची पद्धत बदलल्याचा. पूर्वी सी-टू-एफ-सिक्स सरळ कोठीत सोडायचे, आणि आयपीसीसीच्या त्याच सूत्रांप्रमाणे 60 टक्के न फुटता निसटायचा. मग एनएफ-थ्री, म्हणजे नायट्रोजन ट्रायफ्लोराइड, आला, तो कोठीच्या बाहेरच वेगळ्या डब्यात प्लाझ्मानं फोडायचा आणि फक्त फुटलेला फ्लोरिन आत घ्यायचा. निसटतो तो 2 टक्क्यांच्या आसपास. गंमत अशी की किलोला किलो एनएफ-थ्री जास्त घातक आहे, एक किलो म्हणजे 16,100 किलो कार्बन डायऑक्साइड. तरी 10 किलो सी-टू-एफ-सिक्समागे 66 टन पडायचे तिथं 10 किलो एनएफ-थ्रीमागे 3 टनांच्या आसपास पडतात. म्हणून वायूचं नाव बघून घाबरू नका किंवा निर्धास्तही होऊ नका. किती निसटतो ते विचारा.

2010 नंतर परिषदेनं पुढचं उद्दिष्ट वेफरच्या चौरस सेंटिमीटरमागे ठरवलं. त्यात वावगं नाही, पण आपण जरा सावध असावं. चौरस सेंटिमीटरमागे कमी झालं आणि कारखाना तिप्पट वाढला तर एकूण वाढलंच की. आपल्याला दोन्ही आकडे हवेत.

आता माझ्या मनातलं खरं दुखणं सांगतो.

स्क्रबर बंद पडला की एक झडप आपोआप फिरते आणि वायू भट्टीला वळसा घालून सरळ मोठ्या एक्झॉस्टच्या नळीत जातो. याला बायपास म्हणतात. तो असायलाच हवा, वायू मागं तुंबला तर वरच्या माणसांच्या जिवाशी खेळ. बायपास झाला की कपाटावर पिवळा दिवा लागतो. वायू विषारी किंवा पेट घेणारा असेल, समजा सिलेन (थर चढवायला वापरतात तो सिलिकॉनचा वायू), तर वरचं यंत्रही तिथल्या तिथं थांबतं. पण सीएफ-फोर विषारी नाही आणि पेटतही नाही. त्यामुळे यंत्र चालू राहतं, वेफर पुढं सरकत राहतात आणि खाली दिवा पिवळा. हा वायू कुणाला मारत नाही, म्हणून त्याला कुणी थांबवत नाही.

एका वर्षी चिनी नववर्षाच्या सुट्ट्या लागून आल्या. एका स्क्रबरचा सुटा भाग यायला उशीर झाला. सहा दिवस दिवा पिवळा. मी रोज पाळीच्या वहीत लिहायचो आणि रोज शिफ्टप्रमुख सही करायचा. महिन्याच्या अहवालात छापून आलं: स्क्रबर बसवलेली यंत्रं, 100 टक्के. त्यात खोटं काहीच नव्हतं. यंत्रं बसवलेलीच होती.

परत आल्यावर दीड वर्ष वाळूजला एका कारखान्यात होतो. सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र होतं, चांगलं होतं. पण ब्लोअरला वीज लागते आणि विजेचं बिल मालकाला लागतं. ‘साहेब निघालेत’ असा फोन आला की ब्लोअर सुरू व्हायचा. गुत्तेदाराच्या पोराला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की ब्लोअर सुरू झाला की तो आधी शर्ट खोचायचा. सिंगापूर काय आणि वाळूज काय, यंत्र असणं वेगळं आणि चालणं वेगळं.

मंडळाला हे कळत नाही असं नाही. तुमच्याच संमतीपत्रांत अट असते की प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेला वेगळं वीजमीटर बसवा, म्हणजे ती चालली का ते कळेल. ही अट ज्यानं पहिल्यांदा घातली त्याला कारखाना आतून माहीत होता. मला तेच शहाणपण तळमजल्यावर हवंय. प्रत्येक स्क्रबर किती तास चालला, किती तास बायपासवर होता, आणि त्या तासांत वर यंत्र चालू होतं का, हे तिन्ही आकडे संगणकात आपोआप नोंदले जातात. नवीन काही बसवायचं नाही. फक्त ते आकडे मंडळाच्या सर्व्हरवर आले पाहिजेत, जसे मोठ्या प्रदूषणकारी कारखान्यांच्या चिमण्यांचे येतात. आयपीसीसीनं 2019 मध्ये सूत्रं सुधारली तेव्हा स्क्रबर प्रत्यक्ष किती वेळ चालला याला हिशेबात जागा दिलीच आहे. 95 टक्के वायू जाळणारं यंत्र निम्मा वेळ बंद असेल तर ते 95 टक्क्यांचं राहत नाही, हे सांगायला आयपीसीसी लागत नाही, पण त्यांनी लिहिलंय ते बरंच झालं.

कायद्यात आज याची काय सोय आहे? हवेचे राष्ट्रीय निकष 2009 मध्ये ठरले, त्यांत 12 प्रदूषकं आहेत: धूलिकण, गंधकाचा आणि नायट्रोजनचा ऑक्साइड, शिसं, बेन्झीन वगैरे. माणसाच्या फुप्फुसासाठी केलेली ती यादी आहे, त्यात हे वायू नाहीत आणि नसणारच. सेबीनं पहिल्या 1,000 सूचीबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून जो शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला, त्यात थेट उत्सर्जनाच्या रकान्यात पीएफसी (सीएफ-फोर, सी-टू-एफ-सिक्स यांची जात), एसएफ-सिक्स, एनएफ-थ्री ही नावं आहेत. मला वाचून आनंद झाला. पुढं कंसात लिहिलंय, उपलब्ध असल्यास. या दोन शब्दांतून ट्रक जाईल. आणि कंपनी शेअर बाजारात नसेल तर तिच्यापुढं तो रकानाही नाही.

म्हणून महामंडळाला सांगणं आहे. तुमच्या हातात मंडळापेक्षा आधीची वेळ आहे. नकाशा कागदावर असतो तेव्हा तळमजल्याची उंची वाढवता येते, प्रत्येक यंत्राखाली स्क्रबरची आणि एका जादा स्क्रबरची जागा सोडता येते. कारखाना चालू झाल्यावर तिथं पंप, नळ्या, केबली यांचं असं जाळं होतं की माणूस आडवा होऊन सरपटतो. मी सरपटलोय. जुन्या फॅबमध्ये एक स्क्रबर नव्यानं घुसवायला आम्हाला तीन आठवडे लागले होते, त्यातले दोन फक्त नळ्या हलवण्यात गेले. तेव्हा भूखंड देतानाच वायूंची यादी मागा: कोणता वायू, महिन्याला किती किलो, कोणत्या यंत्रात, त्याच्याखाली कोणता स्क्रबर, तो बंद पडला तर त्याच्या वाट्याचा वायू कुणाकडे वळणार. कोरण्यासाठी सी-फोर-एफ-सिक्ससारखे नवे वायू आहेत, ज्यांचा तापमानवाढीतला वाटा जवळपास शून्य. सगळीकडे चालत नाहीत, पण जिथं चालतात तिथं का वापरत नाही, हे विचारायला काय हरकत? कोठी स्वच्छ झाली हे ओळखून वायू तिथल्या तिथं बंद करणारे सेन्सर आहेत का, तेही विचारा. भिंत स्वच्छ झाल्यावरही वायू सोडत राहणं म्हणजे टाकी भरल्यावर मोटार चालू ठेवणं. मराठवाड्यात तरी याचा राग यायला हवा.

सबसिडीचा हप्ताही याच्याशी बांधा. टप्प्याटप्प्यानं पैसे देताना गुंतवणूक किती झाली आणि माणसं किती लागली हे बघताच, शेजारी एक रकाना स्क्रबरच्या तासांचा. त्यात ‘उपलब्ध असल्यास’ लिहू नका.

कुणी म्हणेल, असल्या अटी घातल्या तर प्रकल्प गुजरातला जाईल. ही भीती आपल्याकडे पक्की बसली आहे आणि अनुभवानं बसली आहे. पण फॅब उभारणारे लोक या अटींना बिचकत नाहीत. त्यांच्या मोठ्या गिऱ्हाईकांना, फोनवाल्यांना आणि गाडीवाल्यांना, पुरवठादाराच्या उत्सर्जनाचा आकडा लागतोच. ते बिचकतात ते रोज बदलणाऱ्या अटींना, लाईट जाण्याला आणि पाण्याला.

पाण्याबद्दल थोडं लिहिलंच पाहिजे, कारण वायू जाळण्याचं बिल पाण्यात येतं. आमच्याकडच्या एका स्क्रबरला मिनिटाला चारेक लिटर पाणी लागायचं. दिवसाचं झालं पावणेसहा हजार लिटर. असे 200 स्क्रबर म्हणजे दिवसाला साडेअकरा लाख लिटर, आणि हे फक्त धुण्याचं, वेफरचं पाणी वेगळं. ज्या भागात एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ज्या भागात जुलै 2015 मध्ये परळीचं वीज केंद्र पाण्याअभावी बंद पडलं, तिथं हे ताजं पाणी देऊ नये. वेफर शेवटी खळबळून निघालेलं पाणी बऱ्याचदा आपल्या पिण्याच्या पाण्यापेक्षा स्वच्छ असतं, तेच स्क्रबरला फिरवा. नाथसागराचं पाणी दोनदा, तीनदा वापरून दाखवा, मग वाढीव मागा.

आणि त्या पाण्यात फ्लोराइड उतरतं. नांदेडकडं, किनवट भागात, बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं काय होतं ते वेगळं सांगायला नको. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅम ही आपली मर्यादा, दुसरा पर्यायच नसेल तर दीड. स्क्रबरच्या पाण्यात कितीतरी पटींनी जास्त असतं. त्यात चुना किंवा कॅल्शियमचा क्षार टाकला की कॅल्शियम फ्लोराइडचा गाळ खाली बसतो. हवा वाचवायच्या नादात जमिनीत विष उतरलं, असं व्हायला नको. पण हाच गाळ एक फार कामाची गोष्ट करतो, तिच्याकडे शेवटी येतो.

विजेचं थोडक्यात. एखादा कारखाना 50 मेगावॉट चोवीस तास ओढत असेल, आणि मोठे याहून जास्त ओढतात, तर वर्षाला जवळपास 44 कोटी युनिट होतात. देशातल्या विजेचं आजचं प्रमाण युनिटमागे 0.7 किलोच्या आसपास धरलं तर वर्षाला 3 लाख टन कार्बन डायऑक्साइड. वायू कितीही जाळा, हे तिथंच राहतं. फॅब रात्री झोपत नाही आणि मराठवाड्यातलं ऊन संध्याकाळी मावळतं. म्हणून ‘आम्ही शंभर टक्के सौर घेतो’ या वाक्यावर खूश होऊ नका. रात्री दोन वाजताची वीज कुठली, एवढंच विचारा. साठवण असेल, वारा असेल, त्याचा करार दाखवतील. नसेल तर परळीचीच आहे.

नोकऱ्यांवर एक. वरच्या मजल्यावर पहिली दहा वर्षं तैवानचे, कोरियाचे, बंगळुरूचे लोक असतील, ते साहजिक आहे. तळमजला मात्र आपल्या पोरापोरींचा होऊ शकतो. पंप उघडता येणं, गळती शोधता येणं, आम्लाचा धाक असणं आणि वहीत खरं लिहिणं, एवढं लागतं. पहिल्या तीन गोष्टी आयटीआयमध्ये शिकवता येतात. संभाजीनगरच्या, जालन्याच्या, लातूरच्या आयटीआयत सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आजपासून काढला तरी कारखाना उभा राहीपर्यंत तीन तुकड्या बाहेर पडतील. मी शिकवायला येतो. मानधन ठरवा किंवा नका ठरवू, चहा द्या.

आता तो गाळ. बायपासचे आकडे संगणकात असतात, आणि संगणकातले आकडे बदलता येतात हे मला माहीत आहे तसं तुम्हालाही आहे. पण फ्लोरिन लपत नाही. कारखान्याच्या दारातून जेवढा फ्लोरिन सिलिंडरमध्ये आला तेवढा कुठंतरी गेलाच पाहिजे. परत जाणाऱ्या सिलिंडरच्या तळाशी दहाएक टक्के उरतो. बाकीचा बहुतेक एकतर गाळात सापडेल, नाहीतर आभाळात गेला. वेफर धुण्याच्या आम्लातूनही फ्लोराइड येतं, म्हणून त्या पाण्याची आणि स्क्रबरच्या पाण्याची लाइन पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवायला लावा. नंतर वेगळी करणं म्हणजे पुन्हा सरपटणं. मग महिन्याला सिलिंडरची बिलं एका हातात घ्या, स्क्रबरचा गाळ सुकवून काट्यावर चढवा आणि त्यात फ्लोरिन किती ते प्रयोगशाळेतून काढून आणा. बिलं वाढली आणि गाळ वाढला नाही, तर खाली कुठंतरी पिवळा दिवा लागलेला आहे.

मागच्या महिन्यात हे सगळं मायला सांगत होतो. तिनं तीस वर्षं ऊस घातला आहे, काटा कसा मारतात ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. गाळाचं ऐकून म्हणाली, “मंग काटा कंपनीचा कामून ठेवायचा? बाहेरचा ठेवा की.” तेवढी एक अट माझ्या यादीत नव्हती. वजन औद्योगिक शहराच्या सामाईक काट्यावर करा, कंपनीच्या दारातल्या नको.

कळावे,
आपला,
बिडकीन परिसरातील एक माजी सबफॅब तंत्रज्ञ
ता. पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर